वरचं पाणी, खालचं पाणी

२४ मे
वैशालीला विचारलं, "पोरी, तू वागळेसाहेबाच्या हवामान हापिसात करतेस तरी काय?" म्हणे, "आई, समुद्राचं पाणी कॉम्प्युटरात भरते." म्हटलं, मग आपल्या टाकीत पण चार बादल्या सोड. हसली नाही. समुद्रात वादळ उठलंय.
किसन, माझा धाकटा भाऊ, बोट घेऊन बाहेरच. मासेमारी बंदीच्या आधीची शेवटची फेरी. जोडीला त्याचा दोस्त बाळ्याची बोट.

२५ मे
वै.ने समजावलं. वादळ गरम पाण्यावर वाढतं. समुद्र ढवळून खालचं गार पाणी वर आलं की मंदावतं. पण गरम थर जाड असला तर ढवळून पण गरमच, मग जोर वाढतो. आंघोळीची बादली ढवळून बघितली. तेवढं कळलं.
"मग समुद्रात थर केवढा?"
"तेच तर नक्की नाही, आई."
पगार कसला घेते मग ही?
दुपारी खाडीत हात घालून आले. वै.ला फो. केला, "गरम आहे गं, लिहून घे." सगळं हापिस हसलं.

२६ मे
वै.चे दोन हिशोब. एकात थर जाड, वादळ तगडं. दुसऱ्यात पातळ, वादळ मरतुकडं. कुठला धरायचा?
बोटींना परत यायचा निरोप गेलाय. भावजय वनिता म्हणाली, "ऐकत नाहीत. वायरलेसवर म्हणतात, फुसकं वादळ आहे, अजून दोन दिवस जाळं टाकतो."
म्हटलं, "सांग त्याला, ताई पडली, दवाखान्यात आहे, सारखं तुझं नाव घेते."
वै. ओरडली, "आई, खोटं?"
"तुझ्या दोनातला एक पण खोटाच की."

२७ मे
किसन आला. रडवेला, हातात चिंबोऱ्यांची पिशवी. दवाखान्यात न्यायला चिंबोऱ्या! मी भाकरी थापत होते.
"ताई, तू तर..."
"पडलेले. उठले."
पिशवी आपटून गेला. चिंबोऱ्या नांग्या उगारत घरभर.
दारातून म्हणाला, "बाळ्याला एकटं सोडून आलो तुझ्यापायी."
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

२८ मे
वादळ एका जागी थांबलंय. वै. म्हणते, थांबलं तर तिथलंच पाणी ढवळत राहील, मंदावेल. थर जाड नसला तर. परत तेच!
बाळ्याचा वायरलेस लागत नाही. किसन बंदरावर बसून आहे, माझा फो. घेत नाही.
बाळ्याला बहीण नाही. खोटं बोलून बोलवायला पण कोण नाही.
सकाळपासून तीनदा बादलीत हात घातला. वर गरम. खालचं नक्की नाही.