साहेबाला काय सांगितलंस?

उम्म सईद, कतार
शुक्रवार, १७ सप्टेंबर १९८२

प्रिय हमीदभाई,

सलाम. घरी नीट पोचलास का? मुंबईहून दापोलीची गाडी लगेच मिळाली, की स्टँडवर बसून राहावं लागलं? अम्मांची तब्येत कशी आहे? रुकैयावहिनींना माझा नमस्कार सांग.

इकडे हवा तशीच. दुपारी लोखंडाला हात लावला की फोड येतो. तुझ्या खाटेवर आता संपत वेल्डर आलाय, आमच्या कराडकडचाच. माणूस बरा, पण घोरतो असा की विचारू नकोस. शुक्रवारी तुझ्या माशाच्या कालवणाची सगळ्यांना आठवण येते. मागच्या शुक्रवारी मी करून बघितलं. आमसुलं जास्त पडली, कुणी तोंडात घालेना.

सुतारशेडमध्ये तुझ्या जागी नवा पॅकर आलाय. पेट्या ठोकतो ठीक, पण पत्ता रंगवायला बसला की अक्षरं नुसती पळतात. तुझ्यासारखं कुणाला जमायचं? इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नाही, आणि चिठ्ठीवर बघून पेटीवर काढायचास ते छापल्यासारखं. मोरेल साहेब म्हणायचे ना, सात वर्षांत याची एक रेघ वाकडी गेलेली बघितली नाही.

संपत विचारत होता, चार पेट्यांवरून माणूस घरी कसा गेला? त्याला म्हटलं, बाबा, रशियातून युरोपात गॅस नेणारी पाइपलाइन होतेय. अमेरिका म्हणते, आमच्या डिझाइनचा साधा वायसरही तिला द्यायचा नाही. फ्रान्स म्हणतं, माल आमच्या कारखान्यात बनतो, कबूल केलाय, तो देणारच. आपली कंपनी फ्रान्सची आणि तिची थोरली कंपनी अमेरिकेतली, म्हणजे दोन्हीकडून ओढाताण. मोरेल साहेब फ्रान्सचे. त्यांनी त्या पाइपलाइनच्या यंत्रांना लागणारे सील आपल्या स्टोअरमधून चार पेट्या भरून पॅरिसला धाडले आणि सुट्टीवर गेले. मागोमाग थोरल्या कंपनीचा वॉकर साहेब चौकशीला आला. त्याला कुणीतरी हवं होतं, आणि हमीदभाई सापडला. मोठ्यांच्या भांडणात असंच होतं, दुसरं काय. झालं ते झालं.

आपल्या कँपातला हाफिज महिनाअखेर मंडणगडला जातोय. त्याच्याबरोबर अम्मांसाठी एक शाल आणि खजूर देतोय. ईदेनंतर पोचेल, पण घ्या. नाही म्हणू नकोस. आणि झालेल्या गोष्टी उगाळत बसू नकोस.

तुझा भाऊच समज,
शहाजी


उम्म सईद
शुक्रवार, २६ नोव्हेंबर १९८२

हमीदभाई,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्याला उत्तर दिलं नाही. दुसरं येऊन तीन आठवडे झाले. ते गादीखाली आहे आणि मी त्यावर झोपतोय.

तू लिहिलंस की मुंबईचा एजंट तुझे कागद बघून ‘कामात निष्काळजी’ म्हणाला आणि त्याने तुला दारातूनच वाटेला लावलं. गावातल्या रियाजच्या कारखान्यातही तेच झालं. तू रात्रंदिवस आठवून बघतोस, पण कुठं चुकलास ते सापडत नाही. ट्रंकेत त्या पत्त्याची चिठ्ठीही शोधलीस. आणि मला विचारलंस, ‘शहाजी, मी अक्षर चुकलो होतो का? खरं सांग. मी बोललो ते नीट सांगितलंस ना? साहेबाला काय सांगितलंस?’

खाली लिहिलंस की अम्मा माझी शाल नमाजाला घेतात आणि माझं नाव घेऊन दुआ मागतात. अरे, शाल परत का नाही फेकलीस माझ्या तोंडावर?

आधी दुसरी बातमी सांगतो. मुद्द्यावर यायला अजून धीर होत नाही. भांडण मिटलं, हमीदभाई. रविवारी, चौदा तारखेला, रेडिओवर ऐकलं. अमेरिकेने बंदी उठवली, आता कुणीही काहीही पाठवा. दुसऱ्या दिवशी वॉकर साहेब आणि मोरेल साहेब कँटीनमध्ये एका टेबलावर. चार महिने एकमेकांना टेलेक्सवरून फाडून खात होते, आणि आता साखर घे, दूध घे! मला बघून मोरेल साहेब हात झटकून म्हणाले, “खलास, शहाजी, खलास.” मी हसलो. हसावंच लागतं. बाहेर येऊन स्टोअरच्या मागे बसलो आणि हुंदके देऊन रडलो.

आता ऐक. तू अक्षर चुकला नव्हतास.

पेट्या भरल्या तो दिवस आठव. मोरेल साहेब शेडमध्ये आले, मला म्हणाले, “अमेरिका आमची दोस्त आहे. लढाईत त्यांची पोरं आमच्या किनाऱ्यावर मेली, ते आम्ही विसरणार नाही. पण माझ्या देशाने कुणाचा गॅस घ्यायचा आणि कुणाला माल द्यायचा ते माझा देश ठरवेल. कुणी विचारलं तर माझं नाव सांग. बेधडक सांग.” तू खिळे ठोकत होतास. मी तुला मराठीत सांगितलं तर हसलास, म्हणालास, “बरोबर बोलला तो. दोस्त झाला म्हनून काय चूल पन त्यालाच इचारून पेटवायची?”

नाव सांग, एवढंच माझं काम होतं.

वॉकर साहेबाने आधी मलाच बोलावलं. समोर गेटपास, त्यावर स्टोअरकीपर म्हणून माझी सही. मोरेल साहेब पॅरिसला, आणि हा त्यांच्याही वरचा. मला वाटलं, नाव घेतलं तर मोरेल साहेबांचं काय व्हायचं ते होवो, पण चुगली केली म्हणून तेही मला ठेवणार नाहीत आणि हाही ठेवणार नाही. तोंडातून निघालं, “पत्ता पॅकर रंगवतो.” त्याने तुला बोलवायला सांगितलं. तुला इंग्रजी येत नाही, म्हणून मधे मी.

त्याने विचारलं, हा पत्ता तुला कुणी दिला? तू टोपी हातात घेऊन उभा होतास. म्हणालास, “स्टोअरकीपरनं चिठ्ठी दिली, ती बघून काढला साहेब. चूक झाली असंल तर रंधा मारून दुसरा काढतो.” आणि माझ्याकडे बघितलंस, नीट सांग म्हणून.

मी साहेबाला इंग्रजीत सांगितलं, “हा म्हणतो, पेट्या इथल्याच दुखानच्या प्लँटला जायच्या होत्या, मी दुसऱ्याच चिठ्ठीवरचा पत्ता रंगवला, माफ करा.”

तू मान डोलावलीस. तुला वाटलं, मी तुझंच बोललो. साहेबाने लिहून घेतलं. तू “शुक्रन, शुक्रन” असे आभार मानून बाहेर आलास आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, “तू व्हतास म्हनून बरं.”

आठवड्यात तुझा व्हिसा रद्द झाला. विमानतळावर तुला सोडायला मीच आलो होतो. तू रडलास तेव्हा मीही रडलो, आणि तुझी समजूत घातली की साहेब लोक असलेच.

ऐनवेळी जीभ घसरली असंही मला म्हणता येत नाही. तुझ्या खिळ्याला अडकवलेल्या गठ्ठ्यातून ती चिठ्ठी मी आदल्या दिवशीच काढून घेतली होती. वॉकर साहेब येतोय हे टेलेक्सवरून कळलं, आणि पहिलं काम ते केलं. फाडली मात्र नाही. का, ते मला सांगता यायचं नाही. माझी लाज मलाच वाटते. संपत तुझ्या खाटेवर बसून माझं कौतुक करतो, शहाजीराव गेलेल्या मित्राच्या आईला शाल पाठवतात म्हणतो, तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

गेल्या रविवारी दोन्ही साहेबांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पासपोर्ट हातात देतील म्हणून ट्रंक बांधूनच गेलो होतो. वॉकर साहेब घड्याळ बघून म्हणाला, “जुनी गोष्ट आहे. फाइल बंद झाली.” त्यांचं मिटलं होतं ना! मला कुणी काढलं नाही, हमीदभाई. पगारही कापला नाही. तुला घालवलं आणि मला जा, कामाला लाग म्हणाले. याच्यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं.

मोरेल साहेब एवढंच म्हणाले, “मी नाव सांग म्हणालो होतो.” आणि स्वतः मशीनवर बसून टाइप केलं की पॅकर हमीद याची कसलीही चूक नव्हती, पत्ता माझ्या हुकमाने दिला होता. त्यावर वॉकर साहेबाचीही सही घेतली. तो कागद सोबत आहे, एजंटाला दाखव. तुझी जागा भरलेली आहे, बोलावतील की नाही ते सांगता येत नाही. खोटी आशा लावत नाही. तेवढं तरी या पत्रात करत नाही.

पॅरिसच्या पत्त्याची ती चिठ्ठीही सोबत आहे. अक्षर माझं आहे, ओळखशील. पेटीवर काढलंस त्याच्याशी आता मिळवून बघता यायचं नाही, पण तुझ्या अक्षरात तुझ्याशिवाय कुणी चूक काढेल असं मला वाटत नाही. गावात ज्यानं ज्यानं तुला निष्काळजी म्हटलं त्याला दाखव. हे पत्र रुकैयावहिनींना वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस. आणि अम्मांना सांग, शाल घ्या, थंडीचे दिवस आहेत, पण माझं नाव दुआतून काढा. त्यांनी काढलं तर तुझ्याकडे माफी मागायला मला तोंड होईल. आज नाही.

तू विचारलं होतंस, साहेबाला काय सांगितलंस? रविवारी मी त्याला हे सांगितलं, तुझेच शब्द, एकही गाळला नाही. ‘स्टोअरकीपरनं चिठ्ठी दिली, ती बघून काढला साहेब. चूक झाली असंल तर रंधा मारून दुसरा काढतो.’

चिठ्ठी देणारा,
शहाजी