मेंदीच्या म्हशीचं डावं शिंग

लातूर,
कार्तिक, सोमवार

चि. गुरुलिंग,

शरणार्थ. तुला, जगदेवीला आणि लेकरांना आशीर्वाद. तुझा खोकला गेला असं धरून चालतो. गेला नसेल तर अडुळशाचा काढा घे आणि बिडीचं जगदेवीला खरं सांगून टाक. तुझ्याकडे सोडलेली आमची चांदी कशी आहे? (ती म्हैस म्हातारी झाली तरी तुझ्याआधी खोकायची नाही.)

फोनच करणार होतो. पण फोन बैठकीत आहे, तिथूनच बोलावं लागतं, आणि तुझी अक्का शेजारच्या खोलीत खिडकीशी बसून बैठकीतला शब्द न् शब्द ऐकते. म्हणून कागद.

अक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले. डॉक्टर म्हणाले होते, रोज फाटकापर्यंत जाऊन परत या, नाहीतर गुडघा आखडेल आणि तसाच राहील. ती पलंगावरून खिडकीतल्या खुर्चीपर्यंत जाते. सहा पावलं. मी मोजली आहेत. पुढे चल म्हटलं की म्हणते, "भाईर काय हाय बघायला? गावाकडं असते तर चांदीला पाणी दावायला तरी गेले असते." हे दहा-बारा वेळा ऐकल्यावर मी अंगणात म्हैस करायचं ठरवलं. झाडाची. (महांतेशच्या या अंगणात खरी म्हैस उभी केली, तर त्याला रस्त्यावर उभं राहावं लागेल. आणि आपल्या बापाने हे बोलून दाखवलेलं पोराला आवडत नाही.)

मोठ्या बागांत झाडं कातरून मोर, हत्ती करतात, तसंच हे. नर्सरीवाल्या श्रीशैलला विचारलं. तो म्हणाला, "काका, नवख्यानं आधी गोळा करावा. गोळा जमला की मोदक. जनावर तिसऱ्या वर्षी." डॉक्टरांनी तीन वर्षं दिलेली नाहीत, म्हणून मी सरळ म्हशीला हात घातला. पहिली जास्वंद आणली, फूल पूजेला येतं म्हणून. जास्वंदीचं पान तळहाताएवढं. दोन पानांत कान पुरा होतो, आणि त्यातलं एक गळलं की म्हैस बहिरी. मग कामिनी आणली. पान बारीक, दाट, पण वाढ अशी की नुसतं रेडकू व्हायला दोन उन्हाळे जातील. शेवटी श्रीशैलनेच सांगितलं, पान लहान पाहिजे, फांद्या दाट पाहिजेत, पाणी थोडं चाललं पाहिजे आणि रोज कापलं तरी राग न धरणारं झाड पाहिजे. (असं एक माणूस बेचाळीस वर्षं माझ्या घरात आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. तिलाही सांगितलेलं नाही.) ते झाड खिडकीसमोरच उभं होतं. कुंपणाची मेंदी, तीन वर्षांची, छातीएवढी. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, पण मेंदीची तक्रार नाही. तांदूळ धुतलेल्या पाण्यावर तिचं भागतं.

तारेचा सांगाडा वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला आणि मेंदीवर बसवला. सांगाड्याबाहेर येईल ते कापायचं, आत राहील ते वाढू द्यायचं, आणि एका वेळी बोटभरच कापायचं, एवढंच हे शास्त्र. पण मी कुंपण उजाड करीन या धास्तीने महांतेशच्या बायकोने कात्री लपवली होती, म्हणून मी विळा घेतला. तिथे चुकलं. विळा हातात आला की आपला डावा हात आपोआप मूठ भरतो. साठ वर्षं सोयाबीन, हरभरा, करडई कापली. मूठ भरली, विळा बुडाशी घातला, ओढला. मागचा उजवा पाय जमिनीलगत साफ. मी तो पाय हातात धरून उभा होतो आणि पुढची मूठ भरायला वाकत होतो, तेव्हा खिडकीतून आवाज आला, "अहो, रास कुठं घालायची?"

आठ दिवस मी तिकडे बघितलं नाही. मग तीच म्हणाली, "असू द्या. चांदी बी रेडकू चाटताना एक पाय उचलूनच उभी राहायची." सुनेनेही कात्री काढून दिली. तेव्हापासून ती खिडकीतून हुकूम सोडते आणि मी कातरतो. पोट फार सुटलंय, गाभण हाय का. शेपटी कुठं ठिवली. पाठ एवढी सरळ नको, म्हैस हाय, टेबल न्हाई. सकाळपासून जेवणापर्यंत आणि चहापासून दिवेलागणीपर्यंत हेच चालतं. मठाच्या ओट्यावर माझी चौकडी बसते, तिला मी आठ महिन्यांत तोंड दाखवलेलं नाही. शंकरप्पाने दीक्षा घेतली असं तिथे म्हणतात म्हणे.

आता म्हैस बरी उभी आहे. फक्त डावं शिंग होत नाही. चांदीचं डावं शिंग खाली कानापर्यंत वळलेलं आहे, तुला ठाऊकच आहे. मी सकाळी बाजूची लांब फांदी तारेवर बांधून ते वळवतो. दुपारी जेवून तासभर पडतो. उठून बघतो तर शेंडा चार बोटं कमी. खार म्हणून जाळी लावली. शेळी म्हणून फाटकाला साखळी घातली. कीड म्हणून निंबोळीचा अर्क फवारला. श्रीशैल येऊन बघून गेला. म्हणाला, "काका, कीड अशी सरळ कापत न्हाई." मी म्हटलं, लातूरची कीड आहे, शिकवणी लावली असेल. तुझी अक्का म्हणते दृष्ट लागली.

मला शिंगाचं एवढं दुःख नाही. म्हैस पुरी झाली की हिला हात धरून तिच्यापर्यंत न्यायचं, असं मी मनाशी धरलं होतं. खुर्चीपासून म्हशीपर्यंत एकोणीस पावलं होतात. शिंग होत नाही आणि दिवस जाताहेत.

जगदेवीला सांग, तिळाची चटणी पोचली. फार तिखट होती. संपली.

तुझा दाजी,
शंकरप्पा

ता. क. चांदीच्या डाव्या शिंगाचं माप सुतळीने घे आणि सुतळी पाकिटात घालून पाठव. बुडाशी एक गाठ मार, शेंड्याला एक. वळण कुठून सुरू होतं तिथे तिसरी.

ता. क. दुसरा. खरं तर सुतळी तूच घेऊन ये. आठ दिवस राहा. ती माझं ऐकत नाही, धाकट्या भावाचं ऐकेल. तिला चालव. मला भीती वाटायला लागली आहे.

*

गुरू, मी अक्का. पत्र पंचांगात लपवून तुझे दाजी पाकीट आणायला पोस्टात गेलेत. पंचांग घरात माझ्याशिवाय कोण बघतं?

भिऊ नको. पावसाळा संपल्यापासून मी रोज चालते. हे दुपारी घोरायला लागले की काठी घेते, कात्री घेते, म्हशीपर्यंत जाते, शिंग कापते आणि परत येऊन बसते. जाताना एकोणीस, येताना एकवीस पावलं होतात. गेल्या आठवड्यापासून फाटकालाही हात लावून येते. साखळी ह्यांनी फार जड आणलीय.

शिंग झालं की हे सकाळी उठून मठात जातील. लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्यासमोर एवढा वेळ कधी उभा राहिला नव्हता. सांगीन, पण संक्रांत होऊ दे.

तू ये, जगदेवीला घेऊन ये. सुतळी मात्र चार बोटं जास्त लांब आण.