बॉनेटवरचे माशाचे डोळे

चि. धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि ते घेताना जरा वाकत जा, कंबर दुखत असली तरी. तुझा गुडघा, तुझी झोप आणि माझ्या भावजयीचा राग, तिन्ही ताब्यात असतील असं धरून चालते. माझं म्हणशील तर सगळं ठणठणीत. फक्त छातीत धडधडतं, हात कापतात आणि घास घशाखाली उतरत नाही. डॉक्टरकडे नेऊ नका म्हटलं, कारण दुखणं मला ठाऊक आहे. ते तूच दिलंस.

मागच्या खेपेला शिलाई मशीनसाठी तू सिलिकॉनचा स्प्रे दिलास ना? मशीन लोण्यासारखं फिरलं, पण बाटली पाऊण उरली, आणि उरलेली वस्तू मला स्वस्थ बसू देत नाही. घराखालीच पोराचं गाड्या रंगवायचं वर्कशॉप. परवा दुपारी सगळे जेवायला बसले तशी मी हळूच खाली उतरले. एका डॉक्टरीणबाईंची गाडी घासूनपुसून रंगाला तयार होती. तिची दारं माझ्यासारखी कण्हत होती, म्हणून रबरांवर स्प्रे मारला. मग डॅशबोर्डवर मारून फडक्याने पुसला. असा चमकला की त्यात माझं तोंड दिसलं (तेव्हाच थांबायला हवं होतं). बॉनेटवर थोडी धूळ वाटली, तीही त्याच फडक्याने पुसली. धन्य झाले आणि वर येऊन वामकुक्षी केली.

संध्याकाळी रंग मारला, तर बॉनेटभर बारीक बारीक खळगे. पेंटर त्यांना माशाचे डोळे म्हणतो. घासून पुन्हा रंग मारला, पुन्हा डोळे. तिसऱ्यांदा मी खिडकीतून बघत होते, आणि धाकट्या, शपथ घेते, ते सगळे डोळे माझ्याकडेच बघत होते. सिलिकॉन कणभर जरी लागलं तरी तिथे रंग धरत नाही म्हणे. वर्कशॉपच्या दारावर तशी पाटीच आहे, ठसठशीत लाल अक्षरांत, ‘आत सिलिकॉन आणू नये’. पाच वर्षं मी त्या पाटीखालून जाते आणि अक्षरांचं कौतुक करते. वाचता कुठे येतं, मला वाटायचं, येणाऱ्याचं स्वागत केलंय.

पोराने सगळ्यांच्या पिशव्या उपड्या केल्या, हाताला लावायची क्रीमसुद्धा हुंगली. माझी लोकरीची पिशवी तेवढी कुणी पाहिली नाही (बाटली तिथेच आहे). शेवटी गाडी शेवटची हाताळली कुणी, तर पेंटरने. अकरा वर्षं इथे राबलेला माणूस. पोरगा म्हणाला, “शनिवारपर्यंत खरं काय ते सांग, नाहीतर सोमवारी येऊ नकोस.” पेंटर एवढंच म्हणाला, “मालक, मी नाही आणलं.” तेव्हापासून त्या गाडीशेजारी स्टुलावर बसून असतो. मी चहा नेते, तर “आजी, तुम्ही कशाला जिने उतरता?” म्हणतो, आणि मी बशीत दोन बिस्किटं जास्तीची ठेवून वर पळते.

पोरगा ओरडला असता तर मी भ्याले नसते. तो बापावर गेलाय, गप्प होतो. त्या गप्प बसण्यात मी चाळीस वर्षं संसार केला, मला विचार. शिवाय खाली जायला कायमची बंदी झाली, तर दिवसभर वर बसून भिंतीशी बोलू?

तेव्हा तू शनिवारी ये आणि सांग की स्प्रे तू मारलास. तू पाहुणा, तुला कोण काय बोलणार?

तुझी ताई

ता. क. : वरचं खोटं सांगू नकोस. नुसता ये आणि शेजारी बस, सांगेन मीच. एकटीने सांगायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते.

ता. क. दुसरं : अक्षर इतकं देखणं कुणाचं म्हणून विचारशील. पेंटरचं. सध्या सवड त्यालाच आहे. त्याच्या तोंडावर कबूल करवेना, म्हटलं लिहिता लिहिता कळेल. फडक्यापाशी त्याचा हात थांबला होता. मग म्हणाला, “पुढे सांगा, आजी.”

ता. क. तिसरं : हे सून लिहिते आहे. पेंटरने विचारलं, “आजी, हे मालकांना वाचून दाखवू?” माझ्या तोंडून हो निघून गेलं. पहिली दोन पानं घेऊन तो खाली गेलाय. आत्ताच खालचा रंग फवारायचा कॉम्प्रेसर बंद झाला, म्हणजे पोरगा ऐकायला बसला. शनिवारची वाट बघू नकोस, पत्र हाती पडताच निघ.