चौदा महिने

४ जुलै, गुरुवार

ठमीच्या शाळेतून फोन आला तेव्हा मी वॉर्डात एका आजोबांना सलाइन लावत होते. गणिताच्या बाईंच्या स्कूटरची किल्ली तिने पाण्याच्या टाकीत टाकली. वर सगळ्यांसमोर म्हणाली, "आता जा चालत." पंधरा वर्षांची घोडी! आणि या बाई तिच्या सगळ्यांत लाडक्या. आज त्यांचा शाळेतला शेवटचा दिवस होता. मला काही म्हणजे काही उमगत नाही.

५ जुलै, शुक्रवार

हे म्हणतात, लाडाने डोक्यावर चढली. मी म्हटलं, तुमच्याच. त्यावरून आमचं वाजलं. ती जेवलीच नाही.

८ जुलै, सोमवार

शाळेच्या समुपदेशक बाईंना भेटले. वाटलं होतं, मोबाइल, मैत्रिणी, असलं विचारतील. त्यांनी विचारलं — अगदी लहान असताना तिचं हक्काचं माणूस अचानक दुरावलं होतं का? मी ताडकन नाही म्हणाले.

रिक्षात बसल्यावर आठवलं. ठमी दीड वर्षाची असताना मी नर्सिंग शिकायला परगावी होते. ह्यांची फिरतीची नोकरी. चौदा महिने ती ताईकडे, माझ्या थोरल्या बहिणीकडे. मी महिन्यातून एकदा जायचे आणि ती झोपली की चपला हातात घेऊन निघायचे — रडू नये म्हणून.

मग मी नाही का म्हणाले? मागच्या वर्षी तिची जिवलग मैत्रीण दुसरीकडे राहायला जाणार होती. तर हिने आठवडाभर आधीच भांडण काढून बोलणं तोडलं. तेही यातलंच? की मी उगाच धागे जुळवत बसलेय?

११ जुलै, गुरुवार

धीर करून तिला म्हटलं, तू लहान असताना मी तुला ठेवून गेले, चुकलं माझं. मला काही आठवत नाही, म्हणाली, आणि वही उघडली. थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दाराशी आली.

"मी रडायचे का गं?"

काय सांगणार? मी तिथे नसायचेच.

१३ जुलै, शनिवार

म्हणून ताईला विचारलं. ती फोनवर सांगायला लागली.

"तू गेल्यावर एक-दोन दिवस रडायची, मग रमायची. खरी रडली ती तू न्यायला आलीस तेव्हा. माझा पदर सोडेना. आई, आई करत होती — मला."

मग म्हणाली, तूच बजावलं होतंस ना, तिला लागलेली तुझी सवय मोडेपर्यंत येऊ नकोस. दोन वर्षं नाही आले मी.

हे मी बोलले होते. मी! आणि साफ विसरले.

१४ जुलै, रविवार

ठमीला सगळं सांगितलं. तिने फक्त ताईचा नंबर मागितला. तासभर झाला, खोलीतून तिचं हसू ऐकू येतंय. आत जावं की नको, कळत नाही.