पाच हजार काय? बटाटे?

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या कागदावरच). डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं आईकडून कळलं. आता माझं अक्षर तुला स्पष्ट दिसेल, तेव्हा ओरडा खायची तयारी ठेवूनच लिहिते आहे.

नोकरीशिवाय मी काय उद्योग करते, हे तू दर वेळी विचारतेस. वायू इतका तापवायचा की अणूंमधले इलेक्ट्रॉनही सुटे व्हावेत, तो प्लाझ्मा (हे मी तुला सांगतेय! ट्यूबलाइटकडे खडू रोखून तूच शिकवलं होतंस). त्याची गणितं करणारा प्रोग्रॅम आम्ही काही जण मिळून लिहितो. तो फुकट आहे आणि आतून सगळा उघडा. कुणीही यावं, वापरावा, आमच्या चुका काढाव्यात. तू तिथे अगदी रमली असतीस.

आकड्यापुढे एकक नसेल तर हा प्रोग्रॅम अडून बसतो. तो भाग माझ्याकडे होता (त्याचं नावही मी 'मावशी' ठेवलं). सूचना काय द्यावी ते सुचेना, म्हणून तात्पुरतं तुझंच वर्गातलं वाक्य घातलं: "पाच हजार काय? बटाटे?" केल्विनमध्ये कुणी उणे तापमान दिलं, जे असूच शकत नाही, तर: "बाहेर उभं राहून विचार कर." नंतर ते काढायचं राहून गेलं. (राहून गेलं की मी राहू दिलं, यावर डायरीत बराच खल झाला, निकाल नाही.)

मग एका कॉलेजातल्या विभागप्रमुखांनी पाहुण्यांसमोर, मोठ्या पडद्यावर, नुसताच आकडा टाकला. पडद्याने त्यांना बटाटे विचारले. मी माफी मागितली आणि "कृपया एकक द्यावे" असं सभ्य वाक्य घातलं. ते कुणी वाचेना. पोरं एकक विसरायला लागली आणि "मावशींना परत आणा" अशी मागणी आली. त्यात ते विभागप्रमुखही होते! त्या दिवसापासून म्हणे ते एकदाही चुकलेले नाहीत.

पण परवान्यांचं बघणारा आमचा दाढीवाला आडवा आला. "वाक्यं तुमची का?"

"मावशीची."

"मग त्यांची लेखी परवानगी आणा. फुकट वाटायचं ते तरी चोरीचं नको."

बाकी सगळं छान चाललंय. डोळ्यांत औषध वेळेवर घाल.

तुझी भाची

ता. क. खाली जागा सोडली आहे, तिथे 'परवानगी आहे' एवढं लिही. नसेल तर रागाने काय ते लिही, तेही घालता येईल.

आणखी एक. उत्तर बरोबर आलं की प्रोग्रॅम गप्प बसतो. तिथे मावशी काय म्हणतात, असं पोरं विचारतात. मी खूप आठवून पाहिलं. तू माझी वही मिटून पुढच्या मुलीची उघडायचीस, एवढंच आठवलं. तेव्हा एखादं वाक्य पाठव ना. लहानसं चालेल. लोकांना देण्याआधी मी ते स्वतःवर तपासून बघेन; आमच्याकडे तसा नियमच आहे.