आधी आपली झडती

सर, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि तेवढी वर्षं मी ही रीत पाळून पाहिली. जमत नाही. तुमच्या शोकसभेत एकेक जण उठून तुम्हाला खात्याचं भूषण म्हणत होता, तेव्हा मी मागच्या रांगेत बसून जांभया देत होतो. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

वसईच्या कॉलेजात तुमचा रविवारचा वर्ग भरायचा. आम्ही पंचवीसेक जण, काही होमगार्ड, काही माझ्यासारखे तुरुंगातले शिपाई. अंगावर खाकी होतीच, पण फौजदाराची नव्हती, आणि सगळ्यांना तीच हवी होती. तुम्ही निवृत्त इन्स्पेक्टर. कमरेला कधीही न वाजणारा पेजर आणि गळ्यात नोकरीतली पितळी शिट्टी. ती फुंकून तास सुरू करायचात, बालवाडी भरवल्यासारखा. पहिल्या दिवशी मी कुठे कामाला आहे ते विचारलंत आणि माझं नाव हजेरीत चढायच्या आधीच मला 'कुलूप' करून टाकलंत. "ए कुलूप, फळा पूस. चोर पकडतो पोलीस, तुम्ही नुसती दारं लावता." वर्ग हसायचा. मीही हसायचो, कारण वयाच्या अटीत माझी एकच परीक्षा उरली होती, आणि कोर्सच्या दाखल्यावर तुमचा शेरा चांगला असला की मुलाखतीत वजन पडतं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. खरंच पडायचं की नाही, देव जाणे.

शिकवायचात काय, तर अर्धा तास जुने पंचनामे आणि अर्धा तास स्वतःचा पराक्रम. तुमच्या प्रत्येक गोष्टीत तुम्ही एकटे धावता आणि चोर दमतो. भुईगावचा एक होमगार्ड दर रविवारी वाडीतली केळी आणायचा. "अरे कशाला, कशाला," म्हणत तुम्ही पिशवी पुढे करायचात. एकच धडा मला मनापासून पटला होता. तो तुम्ही दोनदा सांगून लिहून घेतलात: झडती घेणाऱ्याने आधी पंचांसमोर आपली झडती द्यावी, म्हणजे आपणच काही आत नेऊन ठेवलं नाही हे सगळ्यांना दिसतं. मी उठून म्हणालो, "सर, आमच्याकडे रोजच असं असतं. गेटवर साहेबापासून शिपायापर्यंत सगळे आधी झडती देतात, मग आत जातात." तुम्ही म्हणालात, "तुरुंगातली अक्कल तुरुंगात ठेव, कुलूप."

मग तो रविवार. चहा संपलाय, तुम्ही खुर्चीत बसता, गळ्याकडे हात जातो आणि शिट्टी नाही. खिशात नाही, टेबलावर नाही. चहाचे कप गोळा करायला कॉलेजचा शिपाई आत येऊन गेला होता. जूचंद्रचा, पन्नाशी उलटलेला, वर्गाच्या किल्ल्या त्याच्याकडेच असायच्या. तुम्ही त्याला बोलावलंत आणि तुमचा चेहरा खुलला. शिट्टी गेल्याचं दुःख कसलं, प्रात्यक्षिकाला फुकटचा माणूस मिळाला होता. "कुलूप, पुढे ये. घे याची झडती. बघू दे तरी तुमच्याकडे काय शिकवतात."

तो फळ्यासमोर येऊन उभा राहिला. चिडला नाही, रडला नाही. एवढंच म्हणाला, "घ्या ना सायेब. पन आदी तुमची द्या. तुमीच शिकवता, मी दारान उभा राहून आयकलंय." साऱ्या वर्गात तुमचा धडा डोक्यात शिरलेला तो एकटाच निघाला, आणि त्याने फीही भरली नव्हती. तुमच्या तोंडून काय निघालं? "मला कायदा शिकवतोस?" लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. मग माझ्याकडे बघून तुम्ही बोटाने खूण केलीत.

मी झडती घेतली. तुरुंगात घेतात तशी, कॉलर, काखा, कंबर, विजारीच्या शिवणी. चपला काढायला लावून तळवेसुद्धा बघितले. विड्यांचं बंडल निघालं, किल्ल्यांचा जुडगा निघाला आणि देवीच्या अंगाऱ्याची पुडी निघाली. तीही मी उघडली. अंगारा फरशीवर सांडला. तो खाली बसून बोटाने टिपायला लागला, तर तुम्ही म्हणालात, "चल, चल, तास चालू आहे."

पुढच्या रविवारी शिट्टी तुमच्या गळ्यात. "बायकोला केळ्यांच्या पिशवीत सापडली!" तुम्ही हसलात, वर्ग हसला. दार उघडायला दुसराच शिपाई आला होता. जूचंद्रवाल्याने रविवारचं काम नको म्हणून सांगितलं होतं. त्याच्याकडे जाऊन दोन शब्द बोलावेत, हे तुमच्या मनातही आलं नाही. माझ्या दाखल्यावर मात्र सुंदर अक्षरात लिहिलंत, 'झडतीच्या कामात विशेष प्रावीण्य'. मी फौजदार झालो, आणि तो तुमच्या शेऱ्यामुळे झालो असं तुम्ही मरेपर्यंत सांगत फिरलात.

काही वर्षांनी जूचंद्रच्या देवीच्या जत्रेत माझा बंदोबस्त होता. पायऱ्यांशी माझे शिपाई लोकांना तपासून वर सोडत होते. तो नारळ घेऊन रांगेत आला, केस पांढरे झालेले. मला ओळखलं. दोन्ही हात वर करून म्हणाला, "सायेब, तुमची दिली का?" म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं वाटून माझे शिपाई हसले. मी त्याला न तपासता वर जाऊ दिलं आणि दिवसभर त्या पायऱ्यांकडे पाठ करून उभा राहिलो.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. टेबलाच्या खणात राहील. तुम्हाला एवढी नावं ठेवली, त्यातलं एकही मागे घेत नाही. फक्त एक सांगायचं राहिलंय. त्या रविवारी चहाच्या वेळी केळी पिशवीत भरायला तुम्ही वाकलात, शिट्टी सारखी मध्ये येत होती, म्हणून ती गळ्यातून काढून पिशवीतच टाकलीत. मी तुमचा कप धरून शेजारी उभा होतो. मी पाहिलं होतं.