उंबऱ्यावर बसू नये

आई, तुझ्या त्या स्वयंपाकघराचा आता फ्लॅट होतोय. मी सांगतेय, नात फोनवर लिहितेय. सिस्टरांचं कॉन्व्हेंट होतं तेव्हा तू तिथे त्यांचं सूप ढवळलंस. त्या गेल्या, पोलिसांची बराक झाली, तेव्हा त्याच चुलीवर शिपायांच्या पोळ्या भाजल्यास. बाबा गेलेले, मी परकरातली. ताटं उंबऱ्यापलीकडे सरकवायची, आत कुणी पाऊल टाकायचं नाही, हा तुझा कायदा. मी त्या दगडी उंबऱ्यावर जरा टेकले की पाठीत धपाटा. "ऊठ! उंबऱ्यावर बसू नये."

एका दुपारी एक शिपाई पिऊन आला. तू चुलीतलं जळतं लाकूड ओढून दारात उभी, मी तुझ्या पदरामागे. "अंदर पाँव रखा तो मुँह जलाती मैं!" तो उंबऱ्याशी डुलतोय, पाय उचलतोय, पुन्हा खाली ठेवतोय. मग तो वळतो. लाकडाला भ्याला की तुझ्या हिंदीला, ते मला आजवर कळलेलं नाही.

आता तिथला ठेकेदार माझाच मुलगा. भिंती, कमानी सगळं जपतोय, फक्त तो उंबरा काढणार. म्हणे, "आई, फ्लॅटमध्ये एवढा उंच उंबरा चालत नाही, लोक अडखळतील." म्हटलं, अडखळू देत, त्यासाठीच आहे तो. ऐकेना. मग काल बरखेड्याच्या घरून रिक्षा केली, गेले आणि सरळ उंबऱ्यावर बसले. मजूर कटर घेऊन उभा. "अम्मा, हटिए ना." मुलगा चिडला, "तू नुसतं चालू कर रे, आपोआप उठेल ती." मशीन किंचाळलं. धूळ डोळ्यांत, नाकात. मजूर एक पाऊल पुढे आला, आणखी एक. मी तशीच. शेवटी मुलगाच ओरडला, "बंद कर!" आणि घाम पुसत माझ्या शेजारी टेकला.

"ऊठ," माझ्या तोंडून निघून गेलं, "उंबऱ्यावर बसू नये."

"आणि तू बसलीस ती?"

"मला रागावणारी आता कोण उरलीय?"

मग मी त्याला तुझ्या जळत्या लाकडाची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. बराच वेळ दगडावर हात फिरवत राहिला. मजुराला म्हणाला, "रहने दे. जैसा है, वैसा छोड़."

नात विचारतेय, हे पाठवायचं कुठे? राहू दे फोनातच. घरात सगळे कौतुकानं सांगत सुटलेत, म्हातारी जागची हलली नाही. तुला म्हणून सांगते, नातीला शपथ घातलीय: मशीन सुरू झालं तेव्हा मी उठायलाच निघाले होते. गुडघे उठू देईनात.